एका सोप्या पदार्थाची कैफियत

ज्याला विषयातले काही कळते त्यानेच पुस्तकाला प्रस्तावना लिहावी, असा जुना शिरस्ता आहे. आणि तो शिरस्ता बाजूस सारून माझ्या पुतणीने आपल्या या छोटेखानी पुस्तकाची मुद्रितप्रत जेव्हा माझ्या टेबलावर आणून ठेवली, तेव्हा नाशिकच्या जिल्हा कचेरीतील दप्तरखान्यात जमाबंदीची बाडे लावण्यात आणि पक्षकारांना नकला देण्यात ज्याचे आयुष्य सरले, ज्याला आजतागायत स्वतःच्या हाताने चहापलीकडे काही करता आले नाही, आणि ज्याने इटली पाहिली नाही की जपान पाहिले नाही, अशा माणसावर तिने हे काम का सोपवावे, याचा उलगडा मला बराच वेळ होईना. शेवटी विचारलेच. ती म्हणाली, "काका, तुम्हाला चहा कळतो आणि भांडणं कळतात. या पुस्तकात दोन्ही आहेत."

पुस्तक एकाच पदार्थाचे आहे. त्या पदार्थाचे नाव माचा तिरामिसू, आणि मुखपृष्ठावर त्या नावाआधी 'घरच्या घरी' आणि 'सोपा' अशी दोन विशेषणे मोठ्या विश्वासाने छापली आहेत. पहिल्या विशेषणाबद्दल माझी हरकत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र आहे, कारण कचेरीत जो पक्षकार 'रावसाहेब, काम अगदी सोपं आहे' असे म्हणत दारातून आत येई, त्याचेच बाड हटकून तीन पिढ्यांचे निघे, असा माझा अनुभव आहे. आणि हे पुस्तक दोनदा वाचल्यावर, व त्यातील कृती एकदा स्वतः करून बिघडवल्यावर, माझी अशी खातरजमा झाली आहे की सोपा पदार्थ म्हणून ज्याला म्हणतात त्यातले कष्ट कमी झालेले नसतात. ते कोणीतरी, कोठेतरी, आधीच उपसून ठेवलेले असतात, आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा मान तेवढा आपल्या वाट्याला येतो. ते कोणी उपसले याची नोंद पुढे करीत आहे. लेखिकेने ती केली नाही, कारण तिला कृती सांगायची आहे. आणि कृती सांगणाऱ्याने वाटेत थांबू नये हे रास्तच आहे.

ज्या वाचकांनी हा पदार्थ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांबट, हलकी, साखर भुरभुरलेली बिस्किटे पातळ चहात क्षणभर बुडवून एका पसरट भांड्यात शेजारीशेजारी मांडायची. त्यांवर साखर घालून फेटलेल्या घट्ट, मऊ सायीचा थर द्यायचा. पुन्हा बिस्किटे, पुन्हा साय. भांडे झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी वाढण्याच्या वेळी वर हिरव्या भुकटीची धूळ चाळणीतून पाडायची. मूळ इटालियन पदार्थात चहाच्या जागी कडक कॉफी असते आणि हिरव्या भुकटीच्या जागी कोको. येथे दोन्ही ठिकाणी जपानी माचा आला आहे. एकूण चहा, बिस्किट आणि साय, एवढाच काय तो व्यवहार. आणि सकाळच्या चहात टोस्ट बुडवून त्याचा मऊ झालेला तुकडा कपात गळून पडण्याच्या आत तोंडात टाकण्याची विद्या ज्या महाराष्ट्रात घरोघरी अवगत आहे, तेथे हा व्यवहार परका वाटावा असे त्यात काही नाही.

अर्थात चहा आणि बिस्किट ही जोडी आपल्याकडे नेहमीच इतकी निरुपद्रवी मानली गेली, असेही नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास निमंत्रित केलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटे ठेवली. कोणी ती घेतली, कोणी प्याला नुसताच हातात धरला. आणि मागाहून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध केल्यावर जे ग्रामण्य उभे राहिले त्यात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि नामदार गोखले यांच्यासारखी माणसे गुंतली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला आयोग बसला, आणि प्रायश्चित्तांची भाषा निघाली. एका कप चहाने एवढे दप्तर निर्माण केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. आज माझी पुतणी तोच चहा आणि तेच बिस्किट एकमेकांत भिजवून, थर लावून, पाहुण्यांपुढे ठेवते, आणि पाहुणे एवढेच विचारतात की यात अंडे नाही ना. काळ कोणत्या गतीने चालतो हे पंचांगापेक्षा अशा प्रश्नांवरून अधिक नेमके कळते.

'माचा' हा शब्दही ऐकायला नवा असला तरी त्यातला अर्धा शब्द आपल्या घरचाच आहे. 'मात्सु' म्हणजे दळणे, भुकटी करणे, आणि 'चा' म्हणजे चहा. हा 'चा' आणि आपला 'चहा' हे दोघेही चिनी 'चा'चेच वंशज असून, एकजण पूर्वेला समुद्र ओलांडून गेला आणि दुसरा पश्चिमेचा फेरा घेऊन आपल्या किनाऱ्याला लागला, इतकाच फरक. भुकटीचा चहा पिण्याची रीत सुंग राजवटीतील चीनमध्ये होती. ती आणि चहाचे बी एइसाई नावाच्या बौद्ध भिक्षूने ११९१ साली जपानात आणले. पुढे १२११ साली त्याने चहाच्या आरोग्यदायी गुणांवर एक पुस्तक लिहिले, आणि त्याचे नाव 'किस्सा योजोकी'. फारसीने पोसलेल्या आपल्या कानांना त्या नावात काहीतरी गमतीदार हकीकत दडलेली असावी असे वाटते. प्रत्यक्षात जपानी भाषेत 'किस्सा' म्हणजे चहापान. १२१४ साली शोगुन सानेतोमो मद्यपानाच्या दुसऱ्या दिवशीचा त्रास काढीत असता या भिक्षूने त्याला चहा पाजला आणि सोबत हे पुस्तक दिले, असा वृत्तान्त आहे, म्हणजे किस्सा तेथेही आहेच. चीनमध्ये ही भुकटीची रीत नंतर मागे पडली, पाने उकळत्या पाण्यात घालण्याची रीत आली, आणि जपानने मात्र जुनी वहिवाट सोडली नाही. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू याने तिला जे गंभीर, निरलंकार रूप दिले, ते आजही तेथल्या चहाविधीत पाळले जाते.

आता भांडणाकडे येतो, कारण माझी नेमणूक मुख्यतः त्यासाठीच आहे.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात व्हेनेतो आणि फ्रिउली असे दोन प्रांत एकमेकांच्या बांधाला बांध लावून आहेत. पैकी व्हेनेतोतील त्रेव्हीझो या शहरात 'ले बेक्केरिए' नावाचे भोजनगृह होते. आदो कांपेओल त्याचे मालक, आल्बा ही त्यांची पत्नी, आणि रोबेर्तो लिंग्वानोत्तो हा त्यांच्याकडील मिठाईचा आचारी. तिरामिसू या नावाचा पदार्थ १९७२ च्या सुमारास या भोजनगृहाच्या यादीवर आला, असा त्रेव्हीझोकरांचा दावा. फ्रिउलीकरांचे म्हणणे असे की त्यांच्या तोल्मेत्सो गावात नोर्मा पिएल्ली या बाई आपल्या उपाहारगृहात १९५० नंतरच्या दशकातच हा पदार्थ करीत होत्या. त्रेव्हीझोच्या बाजूने २०१० साली पाककृती नोटरीपुढे रीतसर दस्तऐवज करून नोंदवली गेली. त्यात एक किलो मस्कारपोने चीज, अर्धा किलो साखर, बारा अंड्यांचे पिवळे बलक, साठ बिस्किटे, कॉफी आणि कोको एवढ्याच चिजा आहेत. फ्रिउलीने याला जबाब म्हणून २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू आपल्या प्रांताच्या नावे लावून घेतला, आणि व्हेनेतोच्या प्रांताध्यक्षांनी त्यावर जाहीर हरकत घेतली.

हे सर्व वाचताना मला आपल्या दप्तरखान्यात बसल्यासारखे वाटले. उभय पक्षांपैकी कोणाचे खरे, यावर मी निकाल देऊ इच्छीत नाही. फक्त एक गोष्ट नमूद करतो, की फेरफाराच्या नोंदीने मालकी शाबीत होत नाही, सारा कोणाकडून वसूल करायचा एवढेच ती सांगते, हे तत्त्व आमच्याकडे कनिष्ठ कारकुनालाही पाठ असते, आणि रोमच्या मंत्रालयातील यादीलाही तेच लागू पडावे. शिवाय या दाव्यात एक साक्षीदार तपासायचा राहूनच गेला आहे. आल्बाबाई बाळंत झाल्या तेव्हा त्यांच्या अंगात ताकद यावी म्हणून घरातल्यांनी त्यांना अंड्याचा बलक, साखर आणि मस्कारपोने एकत्र फेटून, वर थोडी कॉफी घालून खाऊ घातले, आणि त्यावरून पुढे हा पदार्थ सुचला, असे त्या घराण्यात सांगत. 'तिरामि सू' याचा अर्थच 'मला वर उचल' असा आहे. ज्या मुलखात बाळंतिणीला सव्वा महिना डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर चुकत नाही, तेथल्या वाचकाला ही हकीकत ऐकल्यावर पुढचा पुरावा मागावासा वाटणार नाही. दोन्ही गावांतल्या कुठल्यातरी सासूने हे मिश्रण कोणत्याही भोजनगृहाच्या कितीतरी आधी केलेले असणार, आणि तिचे नाव कोणत्याच यादीत नाही.

जपानात १९९० च्या सुमारास या इटालियन पदार्थाची एकदम लाट उसळली. ज्या देशात चहाची भुकटी आधीपासूनच मिठाईत, आइस्क्रीमात पडत होती, तेथे कॉफीच्या जागी ती बसायला फार काळ लागला नसावा. तेव्हा या पुस्तकातील पदार्थ काही माझ्या पुतणीने नाशकात बसून लावलेला शोध नव्हे, आणि तिने तसा दावाही केलेला नाही. तिने काही केले असेल तर ते मस्कारपोनेच्या बाबतीत.

मस्कारपोने हा लोम्बार्दीतील, लोदी गावाच्या बाजूचा जिन्नस. चीज म्हणतात म्हणून म्हणायचे, एरवी ती आंबट घालून घट्ट केलेली आणि फडक्यात निथळलेली साय आहे. दुधाची घट्ट साय सुमारे ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून तीत किंचित आम्ल घालायचे, ती दाटली की थंड करायची, आणि मलमलीत बांधून पाणी निथळू द्यायचे. नाशिकच्या जुन्या गावठाणात दूध बाजार नावाची जागा आहे आणि दहीपूल नावाची जागा आहे, आणि या दोन जागांच्या मधल्या गल्ल्यांत ज्याचे बालपण गेले त्याला फडक्यात काही बांधून टांगणे म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पाडव्याच्या आदल्या रात्री आमची आई माजघरातल्या खुंटीला दह्याचे गाठोडे टांगी आणि खाली पितळी परात ठेवी. निजानीज झाल्यावर त्या परातीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज येत राही, सुरुवातीला भराभर, मग थांबत थांबत, आणि मध्यरात्री केव्हातरी तो अजिबात बंद झाला की झोप लागे. सकाळी फडके सोडले की आतला चक्का गाठोड्याच्या चुण्यांचे ठसे घेऊन उभा असायचा. तो पुरणयंत्रातून काढताना यंत्राचा दांडा फिरवण्याचे काम माझ्याकडे असे, आणि मजुरी म्हणून पात्याला चिकटलेले श्रीखंड.

लेखिकेने पुस्तकात दोन्ही मार्ग दिले आहेत. घरी मस्कारपोने करायचे असेल तर अर्धा लिटर क्रीम मंद आचेवर ढवळत, वाफ निघेल पण उकळी फुटणार नाही इतपत तापवून, त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालावा. उलथ्या चमच्याच्या पाठीवर थर धरू लागला की उतरवावे आणि गार झाल्यावर दुहेरी मलमलीत बांधून, चाळणीत ठेवून, रात्रभर फ्रीजमध्ये निथळू द्यावे. दुसरा मार्ग चक्क्याचा. दही त्याच दिवशी लागलेले, गोडे असावे. आंबट दह्याचा चक्का श्रीखंडात साखरेने सावरून घेता येतो, पण माचाच्या कडवटपणाशी त्याचे मुळीच जमत नाही, आणि दोघांची तक्रार जिभेवर येते. माझे स्वतःचे मत, लेखिकेच्या परवानगीने, असे की निम्मा चक्का आणि निम्मे मस्कारपोने घेतल्यास दोहोंचा गुण राखला जातो : नुसते मस्कारपोने आपल्या जिभेला फार तुपकट लागते, आणि नुसता चक्का घातला की पाहुणे 'श्रीखंड छान झालंय' म्हणून मोकळे होतात.

आम्लाविषयी थोडे विषयांतर करतो. नाशिकच्या माणसाला ते केल्यावाचून राहवणार नाही. इटलीत मस्कारपोनेला लिंबाच्या रसाऐवजी पुष्कळदा टार्टारिक आम्ल वापरतात. हे आम्ल द्राक्षांत असते. वाइनच्या पिंपांच्या आतल्या बाजूला जे खड्यांसारखे कीट धरते त्यातून शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते १७६९ साली वेगळे काढले. म्हणजे निफाड-दिंडोरीच्या बागांतून जे फळ पेट्या भरभरून जगभर जाते, आणि 'सुला'च्या वाइनरीपासून पुढे गेल्या पंचवीस वर्षांत गंगापूर धरणाच्या अंगाला ज्याची वाइन होऊ लागली, त्याच फळाचे आम्ल त्या परमुलखातल्या सायीला घट्ट करते. आणि तेच आम्ल आपल्या चिंचेतही मुख्य आहे, हे कळल्यावर आमटीतल्या आणि तिरामिसूतल्या आंबटाची भाऊबंदकी लागली म्हणून मला विनाकारण आनंद झाला. चिंचेचा कोळ घालून कोणी मस्कारपोने करू नये, हे सांगणे न लगे. वाइनच्या गावचा पदार्थ म्हणून यात वाइन घालावी का, असेही पुष्कळजण विचारतात. पुष्कळ ठिकाणी तिरामिसूत मद्य घालतात हे खरे, परंतु त्रेव्हीझोच्या नोंदवलेल्या दस्तऐवजात त्याचा थेंबही नाही. तेव्हा ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी आपण मुळाशी अधिक प्रामाणिक आहोत असे खुशाल समजावे.

अंड्याबद्दल लेखिकेने एका वाक्यात निकाल दिला आहे : ते वगळले आहे, आणि त्याची जागा फेटलेल्या क्रीमने भरली आहे. नाशकातील निम्म्याअधिक घरांची अडचण त्याने दूर होते, आणि कच्च्या बलकाची जोखीमही टळते. मात्र येथे एक खाचखळगा आहे. किराणा दुकानात सहज मिळणाऱ्या डब्यातील क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो, आणि त्याला कितीही फेटले तरी फेस धरत नाही; हात दुखतात एवढेच. फेटायचे क्रीम ३० टक्क्यांच्या वरचे हवे, आणि तेही भांड्यासकट थंडगार. एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये भांड्याखाली बर्फ घेतल्याशिवाय या भानगडीत पडू नये. क्रीम फाटून लोणी आणि पाणी वेगळे झाले की तुपाची तयारी करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता माझ्या स्वतःच्या फजितीची कबुली. पुस्तक वाचून झाल्यावर पुतणीला न सांगता प्रयोग करावा असे मनात आले, म्हणून शहरातील एका दुकानातून मी माचाची पुडी आणली. भुकटी जुन्या शेवाळासारखी पिवळट, मलूल होती. मला वाटले अशीच असते. चहा म्हटल्यावर पाणी खळखळून उकळलेच पाहिजे, ही साठ वर्षांची सवय. तेव्हा तसे उकळते पाणी मी वाटीतल्या भुकटीवर एकदम ओतले. पिठल्यात पीठ भसकन पडावे आणि गाठी व्हाव्या, तसे झाले. वरचे पाणी हिरवे आणि तळाशी कोरड्या पोटाच्या गोळ्या. चव पाडव्याच्या सकाळच्या कडुलिंबाची, पण गुळावाचून. पुतणीने ते पाहिले, पुडी हुंगली, आणि "काका, ही भुकटी उन्हातली आहे, सावलीतली नाही," एवढेच म्हणाली.

त्या वाक्याचा अर्थ मला मागाहून समजला, आणि या पदार्थात कष्ट कोणी उपसले त्याचे उत्तरही त्यातच सापडले. क्योतोजवळच्या उजी परिसरात आणि जपानच्या इतर काही भागांत, माचासाठी राखलेल्या चहाच्या झुडपांवर वसंतातील तोडणीच्या आधी सुमारे तीन आठवडे आच्छादन घालतात. ऊन तुटल्यावर झुडूप पानांत हरितद्रव्य अधिक साठवते, म्हणून रंग गडद येतो. आणि चहाला जो गोडसर, भरदार स्वाद देणारा थिअनिन नावाचा घटक आहे, तो उन्हात तुरट द्रव्यांत बदलून जायचा तो तसाच टिकतो. तोडलेली कोवळी पाने लगेच वाफवायची, न वळता सुकवायची, त्यांच्या शिरा आणि देठ काढून टाकायचे, आणि राहिलेला गर दगडी जात्यावर दळायचा. ते जाते सावकाशच फिरवावे लागते, कारण वेग वाढला की दगड तापतो आणि गंध जळतो. एका जात्यावर तासाभरात जेमतेम ३० ते ४० ग्रॅम भुकटी पडते. आमच्या आजीच्या जात्याखाली तेवढ्या वेळात घरच्या भाकरीचे पीठ होत असे, हे लक्षात घेता उजीच्या जात्याची चाल किती मंद असेल याची कल्पना यावी. आपण तिरामिसूच्या एका भांड्याला जी दोन चमचे, म्हणजे चार-पाच ग्रॅम भुकटी सहज घालतो, ती म्हणजे त्या जात्याचे सात-आठ मिनिटांचे फिरणे आणि त्या झुडपाचे तीन आठवड्यांचे अंधारात बसणे होय. तिची किंमत पाहून कोणी कपाळाला हात लावला तर त्याने हा हिशेब एकवार मांडून पाहावा; आणि मग हवे तर खुशाल पुन्हा हात लावावा, कारण हिशेब कळला तरी किंमत तेवढीच राहते.

तेव्हा रीत अशी : भुकटी आधी बारीक चाळणीतून चाळावी, पाणी उकळून थोडे निवू द्यावे, ७५ ते ८० अंशांपर्यंत, दोन-तीन चमचे पाण्यात भुकटी पिठल्याच्या पिठासारखी कालवून गुठळी मोडावी, आणि मगच उरलेले अर्धा-पाऊण कप पाणी घालून घुसळावे. जपानी लोक यासाठी एकाच बांबूच्या तुकड्याला शेकडो बारीक काड्या पाडून केलेली कुंचलीसारखी रवी वापरतात. लेखिका आपल्या ताकाच्या लहान लाकडी रवीने काम भागवते, आणि ते उत्तम भागते, हे मी पाहिले आहे. उरलेली भुकटी घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर, फ्रीजमध्ये ठेवावी. उजेड आणि हवा लागली की दोन-तीन महिन्यांत तिचा रंग माझ्या पुडीच्या वळणावर जातो.

बिस्किटांच्या बाबतीत मला सांगण्यासारखे थोडे आहे. इटालियन सावोयार्दी आता मोठ्या दुकानांत मिळतात. न मिळाल्यास बेकरीतला साधा स्पंज केक बोटभर रुंदीचे तुकडे करून मंद भट्टीत कोरडा करावा. सावोयार्दी चहात 'एक-दोन' म्हणेपर्यंतच बुडवावे, त्याहून जास्त नाही. टोस्ट वापरता येईल का, असे मी विचारले होते. वापरून पाहिला; वेलदोड्याचा वास त्याच्या अंगात इतका मुरलेला असतो की माचाने माघार घेतली.

गेल्या कोजागरीला लेखिकेने आटीव दुधाच्या जोडीला हा पदार्थ गच्चीवर मांडला. त्याच्या हिरव्या रंगाविषयी पुस्तकात तीन ठिकाणी प्रशंसा आहे, परंतु चांदण्यात हिरवा रंग दिसत नाही, सगळे राखाडी दिसते, ही गोष्ट आम्हा कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. तेव्हा पदार्थाला त्या रात्री केवळ चवीच्या बळावर उभे राहावे लागले. लहान मुलांनी वरची भुकटी चमच्याने बाजूला सारून खालची साय खाल्ली. शेजारच्या काकूंनी यात पिस्ता किती घातला आहे असे विचारले. माझी थोरली बहीण, वय वर्षे ऐंशी, दोन घास शांतपणे खाऊन म्हणाली, "श्रीखंडाला पावसाळ्यातल्या गवताचा वास लागलाय," आणि थोड्या वेळाने वाटी पुढे करून, "पण वाईट नाही. आणखी घाल." या पदार्थाचे याहून अचूक वर्णन मी कोठे वाचलेले नाही, आणि लेखिकेने ते मुखपृष्ठावर छापावे अशी सूचना मी केली होती. ती नामंजूर झाली. त्या रात्री बहिणीला तीन वाजेपर्यंत झोप लागली नाही. जागरणाचीच रात्र असल्याने कोणी दोष दिला नाही, परंतु माचात चहाचे अख्खे पानच पोटात जाते आणि त्याबरोबर कॅफीनही, म्हणून वयस्कर मंडळींना हा पदार्थ दुपारच्या जेवणानंतर द्यावा, असा इशारा पुस्तकाच्या नव्या मुद्रितप्रतीत माझ्या सांगण्यावरून आला आहे.

मराठीत पाककृती छापण्याची वहिवाट आता दीडशे वर्षांची झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. त्यानंतर लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र'. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', जिने वाटी आणि चमचा ही मापे पक्की करून लग्न होऊन परमुलखात गेलेल्या कितीतरी मुलींचा संसार सावरला. त्या वहिवाटीत या चाळीस पानांची जागा कोठे, हे ठरवायला वेळ आहे. एवढे मात्र मी दप्तरी नोंदवून ठेवतो, की मापे तिने वाटीचमच्यात दिली आहेत आणि कंसात ग्रॅमही. जेथे वाट पाहावी लागते तेथे 'किती वाट' हे स्पष्ट लिहिले आहे. आणि जेथे पदार्थ बिघडतो तेथे तो कसा बिघडतो हेही. या तिसऱ्या प्रकारातील दोन नोंदींचा पुरवठा प्रस्तुत लेखकाने केला आहे. मुखपृष्ठावरील 'सोपा' या शब्दाबद्दलची माझी हरकत कायम आहे. पुतणीने ती ऐकून घेतली आणि शब्द तसाच ठेवला. पुस्तक तिचे आहे, हक्क तिचा आहे.

कृती नवव्या पानापासून सुरू होते. ती वाचायला घेण्यापूर्वी वाचकाने घरात गोडे दही असल्यास ते आज रात्रीच फडक्यात बांधून टांगावे आणि खाली भांडे ठेवावे. पहिल्याच ओळीत चक्का लागणार आहे, आणि तो आयत्या वेळी होत नाही.

पंचवटी, नाशिक